शुकशुकाट, पान एकशे चौदा

चौकट १

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मंगाचं ॲनिमेशन करताना नेमकी कुठे माती होते, हे या पृथ्वीतलावर मला जितकं कळतं तितकं दुसऱ्या कुणालाही कळत नाही! वीस वर्षं मी हेच दुःख बघत आलोय. आवडती चित्रकथा छापील पानावर असते तेव्हा तिच्यातला समुद्र खवळतो. तीच पडद्यावर आली की समुद्राची निळी चादर होते आणि ती दोन टोकांना धरून कुणीतरी झटकतंय असं दिसतं. पानावर नायकाच्या डोळ्यांत अख्खं आकाश मावतं. पडद्यावर तोच नायक बर्फावर मांडलेल्या माशासारखा बघतो!

त्यामुळे आमच्या स्टुडिओला ‘खाऱ्या वाऱ्याचं घर’चं काम मिळालं, भाषांतर माझ्याकडे आलं, तेव्हा मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, “ही मंगा मी बिघडू देणार नाही!”

मूठ जोरात आपटली गेली. कप सांडला. तो शुभशकुन आहे असं मी ठरवलं.

(ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. उजवीकडून डावीकडे वाचायची. आमच्या आईला हे अजून समजलेलं नाही. मी “मंगा वाचतोय” म्हटलं की ती विचारते, “काय लिहिते?” तिच्या मते मंगा ही माझ्या ऑफिसातली कुणी तरी आहे आणि मी तिच्याशी लग्नाची गोष्ट पुढे नेत नाहीये.)

चौकट २

आता ताई.

माझी ताई दातांची डॉक्टर आहे. समोरच्याला आ करायला लावायचं, तोंडात चार अवजारं घालायची आणि मग विचारायचं, “काय म्हणतोस, कसं चाललंय?” लहानपणी ‘खाऱ्या वाऱ्याचं घर’ आम्ही दोघांनी एकाच उशीवर डोकी ठेवून वाचलं. दीपगृहाच्या रखवालदाराची दोन मुलं, थोरला आणि धाकटी. अकरा खंड. अकराव्या खंडात थोरला खूप वर्षांनी समुद्रावरून परत येतो, दार ढकलतो, आणि पान एकशे चौदा.

एकशे चौदावर कुणीच नाही. एक खुर्ची, एक कप, एक उघडी खिडकी. धाकटी नाही. का नाही, कुठे गेली, एक अक्षर नाही. बाबा गेले त्या आठवड्यात आम्ही दोघं ते पान उघडून बसलो होतो. ताई काही बोलली नाही. मी काही बोललो नाही. पानही काही बोललं नाही. इतकं बरं वाटलं होतं!

मग आईने लहान घर घेतलं, पुस्तकांची वाटणी करायची वेळ आली. अकरा खंड दोघांत समान वाटता येत नाहीत, हे गणित भांडणाला पुरेसं होतं. विषम आकडे तिला, सम आकडे मला, इथवर आम्ही गुण्यागोविंदाने पोचलो आणि तेवढ्यात मी बोलून गेलो, “तुला काय फरक पडतो? तू तर नुसती चित्रं बघतेस!”

तीन वर्षं झाली. ताई माझ्याशी बोलत नाही. जे काही असेल ते आईमार्फत.

“ताईला सांग, आमच्या फिल्मचा पहिला खेळ आहे, शनिवारी दुपारी. ये म्हणावं.”

“मी काय टपाल खातं आहे?” आई म्हणाली. पण फोन केला. तासाभराने निरोप आला: “ती विचारते, एकशे चौदा नीट केलंय का?”

“एकशे चौदा मी स्वतः केलंय! एक शब्दसुद्धा बोलत नाही कुणी!”

पुन्हा तासाभराने: “येते म्हणाली. पण शेजारी बसणार नाही. आणि अरे, त्या मंगालाही बोलाव की!”

चौकट ७

(३ ते ६ या चौकटी वेळेअभावी गाळल्या आहेत. त्यांत माझा स्वभाव, माझं बालपण आणि माझा मुद्दा होता. ॲनिमेशनवाले हेच करतात. बघा आता तुम्हाला कसं वाटतं ते.)

आमचे दिग्दर्शक. याआधी त्यांनी भांडी घासायच्या पावडरीच्या जाहिरातीत नाचणारी कढई केली होती. कढई खरंच छान नाचायची. माणूस दिलदार. फक्त एक खोड: समोरच्याचं वाक्य अर्ध्यात पकडून स्वतः पूर्ण करायचं.

“सर, या पानाबद्दल मला थोडं—”

“थोडं जास्त काम दाखवायचंय! दाखव!”

“नाही, उलट कमी—”

“कमी दिवसांत हवंय! होऊन जाईल!”

त्यांच्या पत्नीने म्हणे लग्नाच्या वेळी “मला विचार करायला” एवढंच म्हटलं होतं.

स्टुडिओत आणखी दोघं. आवाजाचं काम बघणारा डेसिबल (खरं नाव त्याच्या आईला आठवत असावं), जो दिवसभर कानांवर हेडफोन लावून असतो आणि म्हणून आपल्याशी ओरडून बोलतो. आणि चित्रकारबाई, ज्या एका दिवसात चाळीस चेहरे काढतात आणि एकाही चेहऱ्याकडे मान वर करून बघत नाहीत.

आमची पद्धत अशी. मी एक तक्ता भरायचा: पान, कोण बोलतं, काय बोलतं. तो तक्ता डेसिबलकडे, दिग्दर्शकांकडे, चित्रकारबाईंकडे जातो आणि त्यावर सगळं उभं राहतं. तीन रकाने. तीनच! आवाजांसाठी, शांततेसाठी, मनातल्या मनात म्हणायच्या गोष्टींसाठी वेगळा रकाना नाही. आता तुम्हाला अंदाज येऊ लागला असेल. मला नव्हता आला.

चौकट ८

मंगात शांततेलाही आवाज असतो. खोटं नाही! दार आपटलं की चित्रात तसा आवाज लिहितात, तसंच अजिबात आवाज नसला की त्याचाही आवाज लिहितात. एकशे चौदावर, त्या रिकाम्या खोलीत, मूळ कलाकाराने शांततेची अक्षरं वेगवेगळी करून सोडली होती. एक खुर्चीपाशी, एक कपापाशी, एक खिडकीपाशी.

या शांततेला मराठीत काय म्हणायचं? मी अकरा दिवस झुरलो. सामसूम? फार रस्त्यावरची. चिडीचूप? वर्गातली, बाई आल्यावरची. सन्नाटा? नाटकी. आणि एके दिवशी केस कापून घेत असताना, न्हाव्याने मान खाली दाबलेली असताना, शब्द सापडला.

शुकशुकाट!

माणसं असायला हवी होती तिथे ती नसणं. यापेक्षा नेमका शब्द कुठल्या भाषेत असेल तर दाखवा! अर्धी हजामत टाकून मी स्टुडिओत धावलो. मूळ कलाकाराचा मान राखायचा म्हणून शब्द तोडला, तीन चित्रांवर तीन तुकडे, आणि तक्त्यात भरले:

११४, पहिलं चित्र, खुर्ची: शुक
११४, दुसरं चित्र, कप: शुक
११४, तिसरं चित्र, खिडकी: आट

‘कोण बोलतं’चा रकाना रिकामा ठेवला. बोलणार कोण? तेच तर दुःख आहे!

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात असताना डेसिबलचा निरोप आला: “११४ ला नाव नाही. कोण बोलतंय?”

माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एका अंगठ्याने उत्तर टाइप केलं. एकच शब्द. पण काय शब्द! त्या पानाचं सगळं मर्म त्यात होतं. जिन्यात उभा राहून मी स्वतःवरच खूश झालो.

“घर.”

चौकट ८, पुन्हा

(मागे आपण काय पाहिलं: शुक, शुक, आट, घर. लक्षात ठेवा. मालिकांमध्ये ही उजळणी तीन मिनिटं चालते, मी एका ओळीत संपवली.)

यानंतर स्टुडिओत सगळे एकाएकी घरमालकाबद्दल बोलू लागले.

आता आमच्या स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर आमचा घरमालक राहतो. म्हातारा, एकटा. खाली आवाज वाढला की काठीने जमीन ठोकतो. त्यामुळे विषय निघाला यात मला नवल वाटलं नाही.

“घरमालकाला जास्त वेळ द्यायला हवा,” दिग्दर्शक म्हणाले.

“द्याच!” मी म्हणालो. “एकटा जीव आहे. कुणी विचारत नाही त्याला.”

“बघा! यालाही पटतंय!”

“त्याला मिशी आहे का?” चित्रकारबाईंनी मान वर न करता विचारलं.

“आहे की. झुपकेदार. दोन्ही टोकं खाली.”

बाई कागदावर काहीतरी करत होत्या. मला वाटलं, चाळिसावा चेहरा.

“आणि स्वभाव?” दिग्दर्शकांनी विचारलं.

“वरून खाष्ट, आतून लोणी! परवा माझी छत्री वाऱ्याने उलटी झाली तर खाली येऊन सरळ करून दिली. वर म्हणाला, ‘आटपा आता, दारात उभे राहू नका.’”

दिग्दर्शकांनी डेसिबलकडे पाहिलं. डेसिबलने हेडफोन काढला. डेसिबल हेडफोन काढत नाही! “‘आटपा’ म्हणतो तो?” तो नेहमीच्या सवयीने ओरडला.

“सारखं! त्याचं पालुपदच आहे ते.”

“मी म्हटलं नव्हतं?” दिग्दर्शकांनी डेसिबलची पाठ थोपटली. कशाबद्दल ते मला कळलं नाही, पण माझीही थोपटली, म्हणून मी विचारलं नाही.

“गाणं म्हणतो का?”

“अंघोळीच्या वेळी. नळातून खाली ऐकू येतं.”

“वा! आणि शेवटी? शेवटी मारायचं का त्याला?”

“अहो!” मी किंचाळलो. “काहीतरीच काय! भला माणूस आहे!”

“ठीक आहे, ठीक आहे. जगू द्या.”

त्या दिवशी घरी जाताना मला भरून आलं. कामाच्या एवढ्या रगाड्यात ही माणसं एका म्हाताऱ्याची केवढी काळजी करतात!

तुम्ही विचाराल, तयार झालेली फिल्म तू आधी पाहिली का नाहीस? दोनदा दाखवली मला. दोन्ही वेळा मी डोळ्यांवर हात ठेवून बाहेर पडलो. मला ती पहिल्यांदा ताईबरोबर बघायची होती.

चौकट ९: शनिवार, दुपारी तीन

सभागृह भरलं होतं. ‘खाऱ्या वाऱ्याचं घर’वर जीव टाकणारी दोनशे माणसं! कुणी दीपगृहासारखी उंच टोपी घातलेली, कुणी अकराही खंड मांडीवर घेऊन आलेलं, चूक सापडली की पान काढायला.

ताई आली. केस थोडे पांढरे झालेत. माझ्या रांगेत आली, माझ्या शेजारची खुर्ची सोडली, तिच्यावर पर्स ठेवली आणि पलीकडे बसली. तीन वर्षांत ती माझ्या इतक्या जवळ आली नव्हती. मी पर्सकडे बघून हसलो.

दिवे गेले.

समुद्र. निळी चादर.

ठीक आहे, म्हटलं. समुद्र अवघड असतो. एक पक्षी डावीकडून उजवीकडे गेला. मग तोच पक्षी डावीकडून उजवीकडे गेला. सातव्यांदा गेला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी मोजायला लागलं होतं. थोरला बोलला, चेहरा दगडासारखा, ओठ तेवढे पाकिटाच्या झाकणासारखे उघडझाप. धाकटी धावत आली, म्हणजे धाकटी जागेवर राहिली आणि दीपगृह मागे सरकलं.

ताईने चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. पुन्हा काढला.

आणि चौथ्या मिनिटाला दीपगृहाचं दार उघडून एक म्हातारा आत आला.

झुपकेदार मिशी. दोन्ही टोकं खाली. हातात छत्री.

“कोण हा?” पुढच्या रांगेतला एकजण कुजबुजला. त्याच्या मांडीवरच्या अकरा खंडांची पानं फडफडू लागली. “कुठल्या खंडात आहे हा?”

“मी या दीपगृहाचा घरमालक!” पडद्यावरचा म्हातारा म्हणाला.

दीपगृहाला घरमालक! मी मागे वळलो. दिग्दर्शक मागेच बसले होते, आनंदाने ओथंबून.

“सर! हा कोण आहे?”

“घरमालक!”

“कुणी सांगितला तुम्हाला?”

“तूच की! डेसिबलने विचारलं कोण बोलतंय, तू लिहिलंस ‘घर’. घाईत अर्धंच राहिलं. मी पूर्ण केलं!”

“अहो, पण तिथे कुणी बोलतच नाही!”

“बोलत नाही कसं? तू वाक्य दिलंयस! तेही अर्धवट होतं. ते पण पूर्ण केलं. तू काळजीच करू नकोस!”

पडद्यावर म्हातारा अंघोळ करत होता. गात होता. नळातून आवाज खाली येत होता. मी पुरवलेला एकेक तपशील, छत्रीच्या काडीसकट, तिथे जिवंत झाला होता. चित्रकारबाईंनी सगळ्यात जीव ओतून काही काढलं असेल तर तो हा म्हातारा! समुद्र हलत नव्हता, पण याच्या मिशीचा केसन् केस हलत होता.

“कोणतं वाक्य पूर्ण केलंत?” मी कसंबसं विचारलं.

“शू!” पर्सपलीकडून ताई म्हणाली.

म्हणजे माझ्याशी बोलली असं मी धरत नाही.

चौकट ११४

मधल्या चौकटी मी मुद्दाम गाळतोय. एक तासभर मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो एवढं सांगतो. पण मग थोरला समुद्रावरून परत आला. पायऱ्या चढला. दार ढकललं.

खुर्ची.

कप.

खिडकी.

आणि काय सांगू, ते सुरेख होतं! चित्रकारबाईंनी जसंच्या तसं उतरवलं होतं. कपाच्या काठावरचा डागसुद्धा. संगीत थांबलं. दोनशे माणसांचा श्वास थांबला. मी हळूच डावीकडे पाहिलं. ताईने चष्मा हातात धरला होता आणि तिची हनुवटी थरथरत होती. बाबा गेले त्या आठवड्यात थरथरायची तशीच. तिने पर्स उचलून मांडीवर घेतली. आमच्यामधली खुर्ची रिकामी झाली. मला वाटलं, अजून अर्धं मिनिट, देवा, फक्त अर्धं मिनिट कुणी काही बोलू नकोस!

┌──────────────────┐

└──────────────────┘

(ही चौकट रिकामी आहे. कृपया नीट वाचा. अशी होती ती.)

“शुक् शुक्!”

सगळं सभागृह मागे वळलं! दोनशे माणसं! शुक् शुक् म्हटलं की आपण वळतोच, त्याला इलाज नाही. मीही वळलो. ताईही वळली. दीपगृहाच्या टोप्या एकमेकींवर आपटल्या. मागे दिग्दर्शक होते, ते बोटाने पुढे दाखवत होते: इकडे नाही, पडद्यावर, पडद्यावर!

पडद्यावर उघड्या खिडकीतून मिशी आत आली.

“आटप!” घरमालक म्हणाला.

पहिल्या रांगेतले एक आजोबा, खेळ संपला म्हणून बाहेर काढतायत असं समजून, घाईघाईने उठले आणि चालू लागले. त्यांच्या मागून त्यांची बायको, “अहो थांबा, चप्पल!” करत. कुणाला तरी हसू फुटलं. मग दुसऱ्याला फुटलं. मग अख्खं सभागृह हसायला लागलं. त्या पानावर! हसता हसता लोकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दिग्दर्शक माझ्या खांद्यावर वाकून म्हणाले, “बघ! रडतायत!”

डावीकडे पाहिलं. दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

शेवटची चौकट

बाहेरच्या दालनात गर्दी आणि गोंगाट होता. हसून झाल्यावर लोकांना राग आला होता. खऱ्या भक्तांचं तसंच असतं, आधी हसतात मग शुद्धीवर येतात. फिल्मचं एक मोठं पोस्टर कुणीतरी भिंतीवरून काढून टेबलावर उलटं पसरलं होतं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लोक रांग लावून काहीतरी लिहीत होते. टेबलाशी, पेन धरून, रांगेला शिस्त लावत ताई उभी होती. “एकेक या. पुढे सरका. ढकलू नका.” दवाखान्यातला आवाज.

मी खांबामागे उभा होतो. तिने मला पाहिलं. पेन घेऊन सरळ माझ्याकडे आली. तीन वर्षं! काय म्हणेल? मीच आधी म्हणावं का? ‘चुकलो’ म्हणावं? कशाबद्दल म्हणावं, तेव्हाच्या की आत्ताच्या?

“सही कर,” ताई म्हणाली.

माझ्याशी. मला. थेट!

टेबलापाशी गेलो. वाचलं. डॉक्टरी अक्षर असूनही नीट लागलं: ‘आम्ही खाली सही करणारे अशी मागणी करतो की, या फिल्मच्या भाषांतरकाराला यापुढे कोणत्याही चित्रकथेच्या आसपास फिरकू देऊ नये.’ पहिली सही तिची. खाली सत्त्याऐंशी. शहाऐंशीवी डेसिबलची!

“ताई, अगं, भाषांतरकार मी आहे.”

“माहितेय.”

“मी फक्त ‘शुकशुकाट’ लिहिलं होतं.”

ती थांबली. पेनाचं टोक कागदावर टेकवून तिने तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघितला. एकदा. मग तुकडे करून, एकदा. तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मला वाटतं हलला. दालनातला उजेड खास नव्हता.

“शब्द चांगला होता,” ती म्हणाली. “सही कर.”

केली. काय करणार? तीन वर्षांनी बहीण काहीतरी मागत होती, नाही कसं म्हणू? आणि खरं सांगायचं तर मागणी रास्त होती.

“पुढे फोन नंबर लिही,” ताई म्हणाली. “तुझा माझ्याकडे नाहीये. त्या वेळी काढून टाकला होता.”

आनंदाच्या भरात दोनदा पेन पडलं. पण लिहिला. सगळे आकडे, ठळक, एकेक सुटा. ताईने कागदावर वाकून तो आपल्या फोनमध्ये उतरवून घेतला, मान हलवली आणि पुढच्याला म्हणाली, “या.”

घरी पोचेपर्यंत मी तरंगत होतो. फोन हातातच होता. वाजला नाही. रविवारी वाजला नाही. सोमवारी ऑफिसात (म्हणजे ऑफिसच्या बाहेर, मला आत घेतलं नाही) डोक्यात लख्ख प्रकाश पडला: घाईत मी लिहिला तो माझा जुना नंबर होता, ताईला पूर्वी माहीत असलेला! दोन वर्षांपूर्वी बंद केलेला!

आईला सांगितलं तर म्हणते, “मी आता टपाल खातं नाही. तुमचं तुम्ही बघा.”

तर तो नंबर आता ज्या कुणाकडे असेल, त्यांना हात जोडून एक विनंती. एखाद्या दातांच्या डॉक्टरचा फोन आला आणि त्या पलीकडून काहीच बोलल्या नाहीत, तर ‘राँग नंबर’ म्हणून लगेच ठेवू नका. जरा धरून ठेवा.